बाजारपेठ जगवायची तर एसटी स्टँडपासून सुरुवात करा

देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली कारंजा लाडला सुरू झाला. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे होता आणि त्याच्याच हुकुमाने हा बाजार उभा राहिला. अकरा वर्षांनी, १८९७ मध्ये, वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पुढे १९२८ च्या शाही कृषी आयोगाने असे बाजार देशभर व्हावेत, अशी शिफारस केली. इंग्रजांचा हेतू उघड होता. मँचेस्टरच्या गिरण्यांना बिनभेसळीचा कापूस हवा होता. तरीही त्या नियमांमागे एक समज होती आणि ती आज आमच्या विदर्भातल्या नगरपरिषदांच्या कारभारात मला दिसत नाही. पेठ चालते ती बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाच्या जिवावर. वजनात, कटतीत म्हणजे मालाच्या मापातून होणाऱ्या कपातीत तो नाडला गेला की पुढच्या हंगामात आपली बैलबंडी दुसऱ्या गावाकडे वळवतो.

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. जवळपास चार वर्षं प्रशासकांच्या हाती असलेल्या पालिकांना पुन्हा नगराध्यक्ष आणि नगरसेवक मिळाले. आमच्याकडे प्रचारात बाजारपेठेच्या विकासाची भाषा सगळ्याच पक्षांनी केली आणि त्याचं मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न निवडणुकीत येणं हेच पुष्कळ आहे. पण तो विकास म्हणजे काय, असं विचारलं की उत्तरं ठरलेली येतात. रस्त्याचं रुंदीकरण, मधे दुभाजक, चौकात कमान, एलईडी दिवे आणि आणखी एक व्यापारी संकुल. या यादीत एकच माणूस नाही: सकाळच्या गाडीनं खेड्यातून आलेलं गिऱ्हाईक. माझं म्हणणं एवढंच आहे की एसटीनं आलेल्या बाईला, म्हाताऱ्याला, लेकरू काखेत घेऊन आलेल्या मजुराला पेठेत दोन-तीन तास सुखानं थांबता आलं पाहिजे. पालिकेच्या हातात पेठेसाठी करण्यासारखं जे काही आहे, त्यात पहिलं हे. बाकीचं त्यानंतर.

पेठ ओसरली कशी, हे आधी नीट पाहायला हवं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि १८७० ला जलंबहून खामगावचा फाटा निघाला. रुळांच्या आणि बंडीवाटांच्या टोकाशी कापसातली सरकी काढणारे जीन उभे राहिले, रुईच्या गाठी बांधणारे प्रेस आले, अडत्यांच्या पेढ्या, धर्मशाळा, कापडलाइन, सराफा हे सगळं त्यांच्या भोवती वसलं. कापूस विकून चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, हाती आला की शेतकरी त्याच गल्लीत वर्षाचं कापड, भांडी, लग्न असलं तर लेकीचं सोनं घेऊन गावी परतायचा. मग एकेक गोष्ट बदलत गेली. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायची पद्धत आली. बाजार समित्यांची आवारं गावाबाहेर गेली. नवे जीन महामार्गाला लागून उभे राहिले. आता चुकारा थेट बँकेच्या खात्यात पडतो. यातला प्रत्येक बदल योग्य कारणानं झाला. भर वस्तीत ट्रकांची कोंडी होत होती, रुईच्या आगीचा धोका होता, रोखीच्या व्यवहारात लूट होती. ते दिवस परत आणा, असं मी म्हणत नाही. पण परिणाम असा झाला की कापूस विकायला आलेला शेतकरी आता बायपासवरूनच घरी जातो. पेठेत पाऊल टाकायचं त्याला कारणच उरलं नाही.

कापूस गेल्यावर पेठ तगली ती सरकारी कामांवर. तहसील, कोर्ट, पंचायत समिती, दुय्यम निबंधकाचं कार्यालय, सरकारी दवाखाना ही सगळी जुन्या गावात किंवा गावाला चिकटून होती. सातबाऱ्याला, दाखल्याला, तारखेला आलेला माणूस अर्जनवीसाकडे जायचा, स्टॅम्प घ्यायचा, झेरॉक्स काढायचा. साहेब जेवायला गेलेत म्हटल्यावर आलूबोंडा खायचा, घरच्यांसाठी चपला पाहायचा, पंपाचा वॉशर घ्यायचा. त्याचं वाट पाहणं हा पेठेचा धंदा होता. गेल्या पंधरा-वीस वर्षांत एकामागून एक कार्यालयं गावाबाहेरच्या नव्या प्रशासकीय इमारतींत गेली. इमारती चांगल्या आहेत, जागा मोकळी आहे, साहेबांच्या गाडीला सावली आहे. मात्र स्टँडवरून तिथे जायला ऑटोचे पैसे लागतात, काम झालं की तिथूनच परतीची गाडी पकडावी लागते आणि वाटेत पेठ येतच नाही. कार्यालय हलवायचा निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी होतो. त्यावर जागेची उपलब्धता पाहिली जाते, बांधकामाचा खर्च पाहिला जातो. त्या कार्यालयामुळे रोज जुन्या गावात येणाऱ्या शेकडो पावलांचा हिशेब त्या फाइलीत नसतो. नगरपरिषदेनं तो मांडायला हवा, लेखी हरकत घ्यायला हवी. निदान सेतू केंद्र, दस्त नोंदणी आणि बँकेची शाखा या तीन गोष्टी जुन्या पेठेच्या पायी अंतराबाहेर जाऊ देऊ नयेत. आणि स्वतः पालिकेचं कार्यालय तर मुळीच नाही. पालिकाच पेठ सोडून नव्या वस्तीत राहायला गेली, तर दुकानदारानं कोणाच्या भरवशावर थांबायचं?

व्यापारी संकुलांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्याचं मूळ पालिकेच्या तिजोरीत आहे. १९९९ साली राज्यातल्या नगरपालिकांची जकात बंद झाली. जकात नाक्यावरचा जाच संपला हे चांगलंच झालं, पण पालिकेचं स्वतःचं मोठं उत्पन्नही गेलं. शासनाकडून येणारं सहायक अनुदान पगारातच खपतं. घरपट्टी वाढवायला नगरसेवक धजत नाहीत. अशा वेळी मोक्याच्या जागी गाळे बांधायचे, त्यांचा हर्रास म्हणजे लिलाव करायचा, अनामत रक्कम घ्यायची, हा पैसा उभारायचा सोपा मार्ग वाटतो. त्यात होतं असं की ज्यांच्याकडे आधीच दुकान आहे, तेच गुंतवणूक म्हणून गाळे घेतात. तळमजला कसाबसा भरतो. पहिल्या मजल्यावरची शटर वर्षानुवर्षं बंद राहतात, जिन्यात कचरा साठतो, आणि त्या जागेवर आधी बसणारा भाजीवाला, कासार, चाकू-विळ्यांना धार लावणारा उठवलेला असतो तो कायमचा. गावात दुकानं कमी पडत असती तर संकुलाला अर्थ होता. कमी पडतंय ते गिऱ्हाईक. गाळे वाढवून ते येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना त्याआधीच मोफत झाला होता. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. या योजनांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, बाजारपेठेच्या दृष्टीनं मोठी गोष्ट घडली. जिचा बाजार आजवर नवरा किंवा दीर करून आणायचा, ती बाई स्वतः, स्वतःच्या पैशानं, अर्ध्या भाड्यात तालुक्याच्या गावी येऊ लागली. पेठेला अनेक वर्षांत मिळालेलं हे सर्वांत मोठं नवं गिऱ्हाईक आहे. आणि आपण तिच्यासाठी काय केलं? खेड्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. बाजाराला जायचं असलं की ती सकाळपासून पाणी कमी पिते, कारण जायला जागा नाही. स्टँडवरच्या शौचालयाची अवस्था अशी असते की आत पाऊल टाकवत नाही. पेठेत पालिकेनं बांधलेलं असलं तर त्याला कुलूप असतं. मग ती पहिल्या दोन दुकानांत मिळेल ते घेते आणि दुपारची पहिली गाडी पकडून घरी जाते. साडी पाहायची राहते, कासाराकडे बसायचं राहतं, मुलाचे बूट पुढच्या वेळी. पाळीच्या दिवसांत ती येतच नाही. अंगावर पिणारं बाळ असलं तर कापड दुकानाच्या कोपऱ्यात पाठ करून बसावं लागतं. हा तिच्या सन्मानाचा प्रश्न आहेच, आणि तेवढंच कारण पुरेसं आहे. पण ज्यांना ते पुरेसं वाटत नाही, त्यांनी गल्ल्याचा तरी विचार करावा. जे गिऱ्हाईक तीन तास थांबलं असतं, ते तासाभरात परत जातं आहे.

पैसे नव्हते, असं कुणी म्हणू नये. स्वच्छ भारत अभियान २०१४ पासून चालू आहे. पंधराव्या वित्त आयोगानं लहान शहरांना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच बांधलेला होता. शौचालयं बांधली गेली, ती चालवली गेली नाहीत. बांधकामाचं टेंडर निघतं, देखभालीचं निघत नाही. वरच्या टाकीला नळजोडणी नसते, दार तुटलं की तुटलेलंच राहतं, रात्री दारू पिणारे बसतात म्हणून कुलूप लागतं आणि किल्ली कुणाकडे आहे ते कुणाला माहीत नसतं. यावर उपाय अवघड नाही. शौचालयाला लागूनच एक छोटा गाळा काढावा आणि तो महिला बचत गटाला नाममात्र भाड्यानं द्यावा, अट एकच: सकाळी आठ ते रात्री आठ शौचालय उघडं आणि स्वच्छ राहिलं पाहिजे. गटाला चहा, पाण्याच्या बाटल्या, पॅड विकू द्यावेत. बाळाला पाजायला एक आडोसा हवा. आणि पिशव्या ठेवायची सोय हवी. ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण किराण्याच्या दोन जड पिशव्या हातात असलेली बाई तिसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. पिशव्या ठेवून चिठ्ठी मिळाली, तर ती सराफ्यातही जाऊन येईल.

हे आपल्याकडे होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी शेगावला जाऊन यावं. गजानन महाराज संस्थानात सणावाराला केवढी गर्दी असते ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तिथली स्वच्छता, पाणी, रांगेची शिस्तही. तिथे येणारी माणसं आपल्याच खेड्यांतली आहेत, म्हणजे लोकांनाच सवय नाही हे कारण टिकत नाही. संस्थानाकडे सेवेकरी आहेत, देणग्या आहेत, हे खरं. पालिकेकडे कर वसूल करायचा कायदेशीर अधिकार आहे आणि बाराही महिने पगार घेणारे कर्मचारी आहेत.

सावलीबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. एप्रिल-मेमध्ये अकोला, वर्धा, चंद्रपूर या पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो. सकाळी अकरानंतर पेठ ओस पडते ती पाच वाजेपर्यंत. लग्नसराईचे दिवस, कापडाच्या आणि भांड्यांच्या विक्रीचा ऐन हंगाम, आणि दिवसाचे सहा तास वाया. जुन्या पेठांना हे कळत होतं. अरुंद गल्ली, दुकानापुढे ओटा, वर छज्जा किंवा माडीचा सज्जा, मोक्यावर एखादा कडुलिंब किंवा पिंपळ, अक्षय तृतीयेला कुणीतरी मांडलेली पाणपोई. रुंदीकरणात सगळ्यात आधी ओटा तुटतो, मग झाड जातं, आणि शेवटी सिमेंटचा पांढरा रस्ता उरतो, ज्याच्यावरून दुपारी अनवाणी कुत्रंही चालत नाही. रुंद झालेल्या जागेत लगेच दुचाक्या लागतात, म्हणजे चालायला पूर्वीइतकीच जागा राहते, फक्त उन्हातली. रुंदीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत सावलीचा नकाशा असला पाहिजे: कुठली झाडं राहणार, कुठे नवी लागणार, त्यांना पहिले तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, दुकानांपुढे सलग छत कुठून कुठपर्यंत येणार. हिरव्या जाळ्या बांधूनसुद्धा सुरुवात करता येते. त्याला मोठा निधी लागत नाही.

फेरीवाल्यांवरून माझं अनेक दुकानदारांशी पटत नाही. ते म्हणतात, आम्ही कर भरतो, वीजबिल भरतो आणि आमच्या दारात हातगाडी उभी राहते. तक्रार खोटी नाही. पण एसटीतून उतरलेलं माणूस पेठेत शिरतं ते हातगाडीच्या ओढीनं, आणि मग दुकानात जातं. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानांचाही गल्ला वाढतो, हे दुकानदारांनाच सर्वांत चांगलं माहीत आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा याच भांडणासाठी झाला. दर पाच वर्षांनी पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, शहर विक्रेता समितीत ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचेच ठेवायचे, सर्वेक्षण होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. किती नगरपरिषदांत ही समिती खऱ्या अर्थानं बसते? बाजारवसुलीचा ठेका मात्र दरवर्षी न चुकता जातो. पावती फाडून बैठकीचे पैसे घेतले जातात, आणि त्याच माणसाला दुसऱ्या दिवशी अतिक्रमण म्हणून हटवलं जातं. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याला आखलेली जागा, सावली आणि पाणी देणं हे पालिकेचं कर्तव्य आहे. पट्टे आखून दिले तर दुकानाचं दारही मोकळं राहील.

जुन्या इमारतींचा गुंता यापेक्षा अवघड आहे आणि त्याला पालिका एकटी पुरी पडणार नाही. पेठेतली कितीतरी दुकानं आजोबांच्या काळापासून भाड्यानं आहेत. विदर्भात १९४९ चा सी. पी. अँड बेरार घरभाडे नियंत्रण आदेश होता, पुढे ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढवायची मुभा आहे. मुळात भाडं दोनशे रुपये असेल तर पहिल्या वर्षी वाढ होते आठ रुपयांची. एवढ्यात मालक छपराचं कवेलू बदलत नाही. मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं करावी आणि भाड्यातून कापून घ्यावी, अशी तरतूद आहे, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. दोनशे रुपये महिना म्हणजे वर्षाचे २,४००, त्याचा चौथा हिस्सा ६००. सहाशे रुपयांत सागवानी तुळई बदलत नाही. मग दोघंही वाट पाहत बसतात. मालक इमारत पडायची, भाडेकरू मालक थकायची. वरच्या माड्या रिकाम्या, कारण शेठजींचं कुटुंब केव्हाच नव्या लेआऊटमध्ये राहायला गेलं. रात्री आठला शटर पडलं की पेठेत माणूस राहत नाही.

यावर कायदा बदलायची वाट न पाहता करता येण्यासारखं काही आहे. मालक, भाडेकरू आणि पालिका यांनी एकत्र बसून करार करावा. भाडेकरूनं भाडं वाढवून द्यावं, त्याच्या हक्काला धक्का लागणार नाही हे लिहून घ्यावं, मालकानं दुरुस्ती करून माडी राहण्याजोगी करावी, आणि माडीवर कुटुंब राहायला आलं तर पालिकेनं काही वर्षं त्या मजल्याच्या घरपट्टीत सूट देता येईल का ते पाहावं, लागल्यास शासनाची परवानगी मागावी. तालुक्याच्या गावी बदली होऊन येणारे शिक्षक, नर्स, बँकेतली तरुण मुलं जागा शोधत असतातच. स्टँडजवळ, बाजारात, स्वस्त खोली त्यांना हवीच आहे. वस्ती परतली की रात्रीचं दूध, औषध, खाणावळ, इस्त्री, सगळं आपोआप मागे येतं. गावाच्या मध्यभागी बंद पडलेल्या जुन्या जीनांची मोठी आवारं जिथे शिल्लक आहेत, तिथे तर विकास आराखड्यातच सार्वजनिक वापराची आरक्षणं टाकली पाहिजेत. एकदा त्या जमिनीचे प्लॉट पडले की गावाच्या पोटात एवढी जागा पुन्हा मिळणार नाही.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला पार्किंगचा: चारचाकीला जागा नाही म्हणून लोक पेठेत येत नाहीत. चारचाकीवाला नव्या वस्तीत राहतो आणि महिन्याची मोठी खरेदी अमरावतीला किंवा नागपूरला करतो. समृद्धी महामार्ग आता मुंबईपर्यंत पूर्ण झाला आहे आणि त्याच्या आसपासच्या गावांतून नागपूर आणखी जवळ आलं आहे. त्याला अडवता येणार नाही. त्याच्यासाठी पेठेचा अर्धा रस्ता वाहनतळ करणं म्हणजे जे गिऱ्हाईक येणार नाही त्याच्यासाठी येणाऱ्याला हाकलणं. दुचाकींची सोय मात्र हवी, पेठेच्या तोंडाशी.

दुसरा आक्षेप मोबाइलवरच्या खरेदीचा. पार्सल आता वाडीवस्तीवर पोचतं, हे खरं आहे आणि ते थांबणार नाही. पण पार्सल ब्लाउजचं माप घेत नाही, पंप दुरुस्त करत नाही, जुनं सोनं घेऊन नवं देत नाही, आणि कापूस निघेपर्यंत थांबत नाही. पेठेतली उधारी हा विदर्भातल्या शेतकऱ्याचा मोठा आधार राहिला आहे. तिची काळी बाजूही मला माहीत आहे: बियाणं-खताच्या उधारीवर लावलेलं व्याज आणि त्यापोटी पडेल भावात घेतलेला माल. पेठेनं गिऱ्हाइकाचा विश्वास टिकवायचा तर व्यापारी संघांनी आपल्यातल्या अशा लोकांविरुद्ध उभं राहावं लागेल. कारंज्याच्या बाजाराला एकशे चाळीस वर्षांपूर्वी नियमांची गरज पडली ती फसवणुकीमुळेच.

एवढं सगळं एका वर्षात होणार नाही, पण बिनखर्चाचं एक काम या उन्हाळ्याच्या आत होऊ शकतं. मे महिन्यात पेठ संध्याकाळची व्हायला हवी, पाच ते आठ. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं वेळेचं बंधन जवळपास उरलेलं नाही. दुकानदार तयार आहेत, दिवे लागलेले आहेत. अडतं ते खेड्याकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीवर. बऱ्याच मार्गांवर ती पाच-साडेपाचला सुटते, म्हणून ऊन उतरायच्या आतच खेड्यातलं गिऱ्हाईक उठून जातं. नगराध्यक्षांनी व्यापारी संघाला सोबत घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटावं आणि एप्रिल ते जून निदान मोठ्या पाच-सहा मार्गांवरची शेवटची गाडी साडेसातला सोडा, अशी लेखी मागणी करावी. गाडी रिकामी जाईल ही आगाराची भीती रास्त आहे, तेव्हा पहिला पंधरवडा फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी सोडून पाहावी आणि किती तिकिटं फाटतात ते मोजावं.